न मिळालेला कागद

माझी भाची पाचवीत आहे, नगरपालिकेच्या उर्दू शाळेत. गेल्या हिवाळ्यात आपाच्या लक्षात आले की सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली पोरगी संध्याकाळी तशीच परत आणते. रागावून विचारले तेव्हा म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि तिथं जाववत नाही." मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना कड्या नव्हत्या आणि निम्म्या नळांना पाणी नव्हते. शाळेच्या फाटकावर मात्र पाटी होती: स्वच्छतागृह दुरुस्ती व नळजोडणी, काम पूर्ण. पाटीवर नावे ठळक होती. रकमेच्या जागचा रंग उडाला होता.

आपा शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाई हात जोडून म्हणाल्या, "काम झालं एवढंच मला माहीत. किती नळ बसवायचे होते, कसले, दारं नवी की जुनीच दुरुस्त करायची, याचा कागद मला कोणी दिला नाही. मग तक्रार करू ती कशाची?"

या महिन्याचे पान त्या कागदाविषयी आहे.

घरात ओटा बसवायचा असला तरी आपण मिस्त्रीला आधी सगळे विचारून घेतो. फरशी कोणती, लांबी किती, मजुरी किती, गळती निघाली तर भरून कोण देणार. उधारी असेल तर वहीत लिहून ठेवतो. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे, हे आमची दादी पोरांना हिशेब शिकवताना हटकून सांगायची. दोन माणसांच्या उधारीला लिखाण आणि साक्ष लागते. मग सगळ्या गावाच्या पैशाने होणाऱ्या कामाचे लिखाण गावाने पाहू नये, असे का?

सरकारी कामाची कागदपत्रे एका साखळीने चालतात. आधी अभियंता अंदाजपत्रक करतो. मग निविदा निघते. ठेकेदार आपापले दर भरतात आणि साधारणपणे सर्वांत कमी दराच्या पात्र ठेकेदाराला काम मिळते. त्याच्याशी करार होतो, कार्यारंभ आदेश दिला जातो. काम होत जाते तशी अभियंता त्याची मापे मोजमाप पुस्तिकेत लिहितो आणि त्या मापांवरून बिल निघते. या साखळीची दोनच टोके आपल्याला दिसतात: वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरांतली निविदा सूचना आणि शेवटी फाटकावरची पाटी. मधले सगळे कार्यालयाच्या कपाटात. खरी माहिती मात्र मध्येच असते. कराराला जोडलेल्या परिमाण पत्रकात किती नळ, किती दारे, किती चौरस मीटर फरशी आणि प्रत्येकाचा दर काय, हे ओळीओळीने लिहिलेले असते. दोष दायित्व कालावधीही तिथेच सापडतो; म्हणजे काम झाल्यावर किती महिन्यांपर्यंत मोडतोड ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची ती मुदत. आमच्याकडे लोक रस्ता उखडला की नगरपालिकेकडे नव्या निधीची मागणी घेऊन जातात. पुष्कळदा त्या वेळी जुन्या ठेकेदाराचीच मुदत चालू असते. कोणाला माहीतच नसते.

तर आपाला कोणीतरी सांगितले, माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. दहा रुपयांचा तर प्रश्न. पण प्रश्न दहा रुपयांचा नव्हताच. ठेकेदार आमच्याच मोहल्ल्यातला. त्याची बायको आपाच्या ओळखीची, ईदला शीरखुर्म्याची वाटी इकडून तिकडे जाते. भाईजान म्हणाले, "अर्जावर तुझं नाव, पत्ता, सही. उद्या सगळ्यांना कळणार कोणी टाकला." आपा गप्प बसली. तिला भित्री म्हणणे सोपे आहे. पण १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार ते माहितीच्या अधिकारातून बाहेर काढत होते. शाळेच्या नळांसाठी कोणी कोणाचा जीव घेत नाही, हे मलाही कळते. शेजार मात्र तुटतो, आणि आपल्या वस्त्यांत बाईला शेजाराशिवाय चालत नाही.

माहिती मागून मिळणे आणि माहिती आधीच समोर लावलेली असणे यांत मोठा फरक आहे तो इथे. मागितली की मागणाऱ्याचे नाव लागते. भिंतीवर असली की वाचणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे समजले नव्हते असे नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे. सामान्यतः लोक कलम ६ चा अर्ज ओळखतात, पण कलम ४ त्याच्या आधी येते आणि माझ्या मते जास्त मोलाचे आहे. कोणी न मागता सार्वजनिक कार्यालयाने स्वतःहून काय काय प्रसिद्ध करायचे, त्याची यादी त्यात आहे. प्रत्येक यंत्रणेला दिलेला निधी, योजना, प्रस्तावित खर्च आणि वाटप झालेल्या रकमांचे अहवाल त्या यादीत येतात. ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात लोकांपर्यंत सहज पोहोचेल अशा मार्गाने द्यायची, असे त्याच कलमात पुढे म्हटले आहे. आणि मार्ग कोणते, तर सूचना फलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा, इंटरनेट वगैरे. म्हणजे शाळेची भिंत कायद्यात आहेच.

केंद्र सरकारने १५ एप्रिल २०१३ ला आपल्या कार्यालयांसाठी या कलमाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. खरेदी आणि बांधकामाच्या बाबतीत निविदा, त्यातल्या दुरुस्त्या, काम कोणाला दिले त्याचे नाव, दर आणि एकूण रक्कम उघड करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांतल्या नियम १५९ ने निविदा आणि काम दिल्याचा तपशील केंद्रीय खरेदी संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक केले. आपल्या राज्यातही ई-निविदांचे महाटेंडर्स हे संकेतस्थळ आहे आणि निविदा तिथे दिसतात. पण निविदा म्हणजे काय काम करायचे ठरले आहे. कोणाशी काय ठरले, नंतर किती वाढीव काम मंजूर झाले, मुदतवाढ का दिली, बिल किती निघाले, ही पुढची कहाणी साध्या माणसाने तिथून शोधून काढणे फार कठीण.

शिवाय या कलमाला दात नाहीत. तुमच्या अर्जाला माहिती अधिकाऱ्याने वेळेत उत्तर दिले नाही तर कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कलम ४ ची माहिती प्रसिद्धच केली नाही तर? तसा दंड नाही. मग कोण कशाला धावपळ करेल?

हे दात कसे बसवता येतात ते युरोपातल्या स्लोव्हाकिया या छोट्या देशाने दाखवले. लोकसंख्या सुमारे ५४ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कितीतरी कमी. तिथे २००७ मध्ये एका मंत्रालयाने युरोपीय निधीतल्या मोठ्या कामाची निविदा काढली आणि तिची सूचना मंत्रालयाच्या आतल्या एका फलकावर लावली, जिथे बाहेरच्या माणसाला सहजासहजी जाता येत नव्हते. सूचना लावली हे खरे. पण दिसली कोणाला? काम हव्या त्या कंपन्यांकडे गेले. बोभाटा झाला, २००९ मध्ये मंत्र्याचे पद गेले आणि पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. लोक अजून त्या प्रकरणाला 'फलकाची निविदा' म्हणूनच ओळखतात. आपल्याकडच्या वाचकांना यात फार नवल वाटणार नाही, पण पुढे जे झाले ते नवल वाटण्यासारखे आहे.

इव्हेता रादिचोव्हा पंतप्रधान असताना तिथे कायदा बदलला आणि १ जानेवारी २०११ पासून नवा नियम आला. सरकारी करार इंटरनेटवरच्या केंद्रीय नोंदवहीत प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच लागू होतो. तीन महिन्यांत प्रसिद्ध केला नाही तर तो झालाच नाही असे समजायचे. पावत्या आणि मागणीपत्रेही उघड करायची.

गंमत बघा, यात अधिकाऱ्याला दंडाची धमकी नाही. कोणी तपासणी पथक नेमलेले नाही. करार प्रसिद्ध होईपर्यंत ठेकेदाराला कामाचा कायदेशीर आधार मिळत नाही आणि पैसेही अडकतात. त्यामुळे करार लवकर प्रसिद्ध करा म्हणून कार्यालयात खेटे घालतो तो खुद्द ठेकेदार! ज्याला आडोसा हवा असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्याच गरजेला उघडेपणा बांधून टाकला. शेजारच्या चेकियाने २०१६ मध्ये अशीच नोंदवही सुरू केली आणि २०१७ पासून प्रसिद्ध न झालेला करार निष्फळ ठरवला. तिथे ५०,००० क्राउनपर्यंतचे छोटे व्यवहार यातून वगळले आहेत.

याचा अर्थ स्लोव्हाकियात भ्रष्टाचार संपला असा नाही. २०१४ मध्ये पिएश्त्यानी या गावातल्या रुग्णालयाने सीटी स्कॅनचे यंत्र अवाच्या सवा किमतीला घेतल्याचे प्रकरण गाजले. इतरत्र तसल्या यंत्राला काय मोजले याच्याशी तुलना झाली, लोक रस्त्यावर आले, आरोग्यमंत्र्यांना आणि संसदेच्या अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. पळवाटाही निघतात: करार टाकतात पण किमतीचे परिशिष्ट जोडत नाहीत, ओळी काळ्या करतात. तरी एखाद्या शिक्षकाला किंवा निवृत्त माणसाला घरी बसून, कोणाची परवानगी न घेता, आपल्या गावच्या रस्त्याचा करार वाचता येतो.

ब्रिटनमध्ये नियम होता, जुनी शिस्तही होती, तरी घाई आली तेव्हा काय झाले पाहा. करोनाच्या काळात मास्क, गाऊन, चाचण्या यांची प्रचंड खरेदी झाली. काम दिल्याची सूचना ३० दिवसांत काढावी असा तिथला नियम. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले की जुलैअखेरपर्यंत दिलेल्या, २५,००० पौंडांवरच्या १,६४४ कंत्राटांपैकी ५५ टक्क्यांची माहिती १० नोव्हेंबरपर्यंतही प्रसिद्ध झालेली नव्हती. काही नागरिक आणि खासदार न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की आरोग्यमंत्र्यांनी मुदतीत माहिती न काढून कायदा मोडला. सरकारचे म्हणणे होते की माणसे जीव वाचवण्याच्या कामात होती. ते अगदीच खोटे नव्हते. पण घाईच्या खरेदीत सरकारी पैसा नेहमीच्या स्पर्धेशिवाय जातो, तेव्हा लोकांची नजर जास्त हवी की कमी? फेब्रुवारी २०२५ पासून तिथे नवा कायदा लागू झाला आहे. त्यात ५० लाख पौंडांवरच्या बहुतेक करारांची प्रतच, नुसती सूचना नव्हे, ठरलेल्या दिवसांत प्रसिद्ध करावी लागते.

आपल्याकडे हा विषय काढला की पहिला आक्षेप येतो तो व्यापारी गुपिताचा. दर उघड केले तर ठेकेदाराचे नुकसान होईल म्हणे. आपल्या कायद्याच्या कलम ८ मध्ये व्यापारी गोपनीयतेला जागा दिलेली आहे आणि ती योग्यही आहे. एखाद्या औषधाची कृती किंवा यंत्राचा आराखडा बाजारात मांडावा असे कोणी म्हणत नाही. पण नळाचा दर हे कसले गुपित? त्याच कलमात असेही आहे की मोठे सार्वजनिक हित असेल तर ही माहितीसुद्धा देता येते. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: हजारो पाने ओतली तर वाचणार कोण? बरोबर आहे. संपूर्ण राज्याचे करार एका संकेतस्थळावर टाकून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना फायदा होणार नाही. त्यांना एका पानाचे परिमाण पत्रक हवे आहे, मराठीत किंवा उर्दूत, त्यांच्या भिंतीवर.

आणि हे आपल्या देशात कोणी करून पाहिलेच नाही, असेही नाही. राजस्थानात १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. विचारले की उत्तर यायचे, कागदावर काम कमी भरले आहे. मग अरुणा रॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी कागदच मिळवायला सुरुवात केली. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मांडव घातला, गाव बसले आणि हजेरीपट व बिले मोठ्याने वाचली गेली. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनाही आपले नाव ऐकू आले. कोणी कधी न गेलेल्या कामावर आपली हजेरी ऐकली, कोणी न बांधलेल्या भिंतीचा खर्च ऐकला. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. अशा लढ्यांतून, आणि आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या उपोषणांच्या दबावातून, आधी राज्यांचे आणि मग २००५ मध्ये देशाचा कायदा आला. राजस्थानात रोजगार हमीच्या कामांचे तपशील पंचायतीच्या भिंतींवर रंगवून लिहिण्याची पद्धतही पडली. तिथल्या बाईला संकेतस्थळ उघडावे लागत नाही. पाणी भरून येता येता ती वाचते, किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घेते.

आता आपाकडे परत येते. अर्ज न करता जाण्याची एक वाट निघाली. नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आपा एकटी गेली नाही. तिने वर्गातल्या आणखी सहा मुलींच्या आयांना गोळा केले, बुरखेवाल्या, साडीवाल्या सगळ्या. एकटीचे नाव होते, सात जणींचे झाले 'पालक'. पहिल्या सोमवारी संबंधित लिपिक रजेवर निघाला. दुसऱ्या सोमवारी फाइल "वर गेली" होती. तिसऱ्या सोमवारी मिळाली.

परिमाण पत्रकात बारा नळ होते, पितळी. मोजमाप पुस्तिकेतही बारा. शाळेत आहेत सात, त्यांतले चार प्लास्टिकचे. दारे चार नवी लिहिलेली. शाळेत दोन नवी आणि दोन जुनीच रंगवलेली. आपाने दोष दायित्व कालावधीची ओळही उतरवून घेतली: मुदत संपायला पाच महिने बाकी होते. अभियंता साहेब आधी चिडले, मग म्हणाले, "बाई, तुम्ही आधीच यायचं होतं." कागद आधी दिसला असता तर आलो असतो, असे एकीने तोंडावर सांगितले. कायद्याच्या कलम २ प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क नागरिकाला आहे, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हते. मलाही हे पान लिहिताना नीट वाचून कळले. तसे असते तर एक प्लास्टिकचा नळ आता आपाच्या कपाटात असता.

पंधरा दिवसांनी तीन नळ आले आणि दोन्ही दारांना कड्या बसल्या. उरलेले दोन नळ अजून यायचे आहेत. ठेकेदाराच्या बायकोशी आपाचे बोलणे महिनाभर बंद होते; परवा तिनेच हाक मारली आणि म्हणाली, तुम्ही मला आधी सांगायचं. यावर काय बोलावे ते आपाला सुचले नाही.

शाळेच्या पाण्याच्या टाकीची निविदा आता निघाली आहे. या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच पत्र दिले आहे की कार्यारंभ आदेशाबरोबर परिमाण पत्रकाची प्रत शाळेला मिळावी, दर्शनी भिंतीवर लावायची आहे. कलम ४ चा उल्लेख पत्रात आपाच्या हातून लिहिलेला आहे. पोच मिळाली, प्रत अजून नाही. माझी भाची रोज घरी येऊन सांगते, भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय.